परतणे

दिवाळीच्या अंकात पाककृती द्यायची तर ती चकलीची द्यावी, अनारशांची द्यावी, फार तर मधुमेह झालेल्यांसाठी बिनसाखरेच्या लाडवांची द्यावी, हा संकेत मला ठाऊक आहे. वर्षभर या सदरातून मी घरातल्या शब्दांविषयी लिहिते. वाचक ते सहन करतात, क्वचित् एखादे कौतुकाचे पत्रही धाडतात. यंदा मात्र शब्द आणि पाककृती दोन्ही एकाच क्रियापदात सापडली, आणि ती पाककृती फराळाची नाही. तेव्हा आधीच सांगून टाकते : ज्यांच्या घरी कार्तिकी एकादशीपर्यंत मांसाहार वर्ज्य असेल त्यांनी हा लेख पुढच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवावा.

क्रियापद आहे परतणे.

मराठीच्या मास्तरणीला या क्रियापदाचे अगत्य वाटावे असेच ते आहे. ‘तो परतला’ म्हटले की ते अकर्मक. माणूस गेला होता, तो माघारी आला. ‘तिने कांदा परतला’ म्हटले की ते सकर्मक. कढईत कांद्याची खालची बाजू वर आली आणि वरची खाली गेली. दोन्हींच्या मुळाशी फिरणे आहे, उलटणे आहे. आपल्या स्वयंपाकघरात भाजणे वेगळे, तळणे वेगळे, वाफवणे वेगळे, फोडणीला टाकणे वेगळे. आणि थोड्या तेलावर, सतत हलवत, करपू न देता खरपूस करणे म्हणजे परतणे. इंग्रजीला यासाठी नेमका शब्द नव्हता. बुवेई यांग चाव नावाच्या एका चिनी डॉक्टरीणबाईंनी १९४५ साली अमेरिकेत चिनी स्वयंपाकाचे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातून ‘स्टर-फ्राय’ हा शब्द इंग्रजीत आला. बाईंचे यजमान भाषाशास्त्रज्ञ होते, हे वाचून मला बरे वाटले. घरात भाषेचा माणूस असला की स्वयंपाकाला थोडा उशीर होतो, पण शब्द चांगले मिळतात.

तर गेल्या वर्षी भाऊबीजेला आमचा धाकटा परतला, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्याने आम्हां सर्वांसाठी परतले. त्याची ही हकीगत.

धाकटा मेलबर्नला असतो. २०१४ साली गेला, २०१८ साली एकदा येऊन गेला. आई २०२१ च्या उन्हाळ्यात गेली तेव्हा ऑस्ट्रेलियाने साथीपायी आपल्या सीमा बंद करून ठेवल्या होत्या. तिथे राहणाऱ्याला खास परवानगीवाचून देशाबाहेरही पडता येत नव्हते. त्याने आईचे शेवटचे दर्शन भ्रमणध्वनीच्या पडद्यावर घेतले. पुढे सीमा खुल्या झाल्या, तरी तो आला नाही. ‘आता येऊन काय करू, ताई?’ एवढेच म्हणायचा. दर रविवारी अण्णांशी बोलायचा. ‘काय जेवलास?’ हा अण्णांचा ठरलेला प्रश्न, आणि ‘वरणभात’ हे त्याचे ठरलेले उत्तर.

मी मंचरला असते. माहेर जुन्नर तालुक्यात, आळेफाट्याच्या पूर्वेला. आंबेगावातून जुन्नरात जायला नाशिक रस्त्याने फार वेळ लागत नाही, पण त्या तेवढ्या वाटेत आमच्या भागाचा सारा इतिहास-भूगोल लागतो. घोड नदीवर डिंभ्याचे धरण झाले, कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज झाली, आणि जिथे बाजरी व्हायची तिथे ऊस उभा राहिला. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार, ओतूरचा कांदा, हरितगृहांतली ढोबळी मिरची हे सारे त्या पाण्याचे. उसाबरोबर बिबट्याही आला. त्याची गोष्ट पुढे येईल.

आई माळकरी होती. गळ्यात तुळशीची माळ, दर पंधरवड्याची एकादशी. अण्णांनी माळ घातली नाही. जत्रेचे मटण त्यांना सुटेना. यावर आमच्या घरात वडिलार्जित तडजोड होती. मांस शिजवायचे ते अंगणापलीकडे, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. ती भांडी पडवीत टांगलेली असत. आई त्यांना हात लावत नसे. पण जत्रेच्या आदल्या दिवशी ती घासलेली आहेत की नाहीत हे लांबून पाहत असे. आणि बाकीचे मटण खात असताना स्वतःसाठी मासवडी करी.

मासवडी ही आमच्या जुन्नर-आंबेगावची खूण. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते की, नावात मासा असला तरी तिच्यात मासा नसतो. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ उकळत्या पाण्यात घट्ट घेरायचे, ओल्या फडक्यावर गरम असतानाच थापायचे, त्यावर भाजलेले सुके खोबरे, तीळ, लसूण, कांदा, कोथिंबीर यांचे सारण पसरायचे, फडक्यानेच गुंडाळी करून तिला माशाच्या पोटासारखा आकार द्यायचा आणि तुकडे कापून काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्शाबरोबर खायचे. ज्याला मांस वर्ज्य त्यालाही पंगतीत आपण काही चुकवले असे वाटू नये, म्हणून कुणा सुगरणीने ही युक्ती काढली असावी असे मला नेहमी वाटत आले आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना धाकटा म्हणाला, “ताई, आज मी करतो. तिकडं रोज करतो ते.”

“काय करतोस?”

त्याने आवाज खाली आणला. “बीफ आणि भाज्या. माझ्याबरोबर राहणाऱ्या चिनी मुलाकडून शिकलो. सात मिनिटांत होतं.”

मी काय केले असेल? दार लोटलेले आहे की नाही ते पाहिले.

हे कबूल करायला मला जड जाते. मी वर्गात दलित आत्मकथने शिकवते. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ २०१५ साली आले, तेव्हापासून ते माझ्या टेबलावर आहे. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजले, मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून चान्या कशा केल्या जात, हे त्यात आहे. ‘आपण ज्याला मराठी जेवण म्हणतो ते किती थोड्या घरांचे आहे!’ असे मी मुलांना तावातावाने सांगते. मुले टिपून घेतात. परीक्षेत लिहितातही. आणि माझ्या स्वतःच्या भावाने तोच शब्द उच्चारला तेव्हा मी दाराकडे पाहिले.

“इथं ते जमणार नाही,” मी म्हटले.

“मला ठाऊक आहे. बोकडाचं करू.”

ते जमणार नव्हते हे खरेच. गोहत्येला महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने मनाई आहे. २०१५ च्या मार्चमध्ये दुरुस्ती अमलात आली आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. पुढच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली, पण परराज्यातून आणलेले मांस घरात बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले. माणसाने आपल्या घरात काय खावे हा त्याचा खाजगी प्रश्न आहे, असा त्यामागचा विचार. म्हैस या बंदीत येत नाही. पण आमच्या तालुक्यात म्हशीरेड्याचे नाव तरी कसे काढावे? ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याच्या मुखी वेद वदवले, त्याची समाधी परंपरेने आमच्या आळ्यालाच आहे. लोक तिथे हात जोडून उभे राहतात.

तेव्हा बोकड. त्यालाही आमच्याकडे पोटभेद आहेत. पुणे जिल्ह्यात बोल्हाईला मानणारी घराणी बोकडाचे खात नाहीत, मेंढराचेच खातात. पाहुणे बोलावण्याआधी ते विचारून घ्यावे लागते. ‘काय खातोस?’ हा प्रश्न आपल्याकडे कधीच साधा नव्हता.

नारायणगावला जाऊन भाज्या घेतल्या : दोन ढोबळ्या मिरच्या, दोन गाजरे, मूठभर फरसबी, कांद्याची पात. आले घ्यायचे विसरलो. येताना ते आळेफाट्यावर घेतले, आणि ‘आल्यासाठी आळ्याला’ हा विनोद करण्याचा मोह मला आवरला नाही. धाकटा हसला नाही. इतक्या वर्षांत त्याच्या कानातला ‘ल’ आणि ‘ळ’ एक झाला की काय, अशी मला धास्ती वाटली. सोया सॉसची बाटली फाट्यावर सहज मिळाली. हल्ली प्रत्येक नाक्यावर चायनीजची लाल गाडी असतेच.

खाटकाला मात्र कोडे पडले. “हाड नको? नळी नको? मग रस्सा कशाचा करणार?” रस्सा करायचा नाही हे ऐकून त्याने आमच्याकडे दयेने पाहिले आणि मांडीचे अर्धा किलो नुसते मांस दिले.

आता कृती. ज्यांना मांस चालत नाही त्यांनी हीच कृती पनीर घेऊन करावी. अट तीच, की आच मोठी हवी.

मांस तासभर बर्फाच्या कप्प्यात ठेवून अर्धवट कडक करावे, म्हणजे पातळ कापता येते. मांसाला धागे असतात. ते कोणत्या दिशेने जातात ते पाहावे आणि सुरी त्यांना आडवी चालवावी. धाग्याला समांतर कापले तर लांब दोरे दाताखाली येतात. आडवे कापले की दोरेच तोकडे होतात. पट्ट्या जुन्या आठ आण्याच्या नाण्याइतक्या जाड. बोकडाचे मांस चिवट, म्हणून अर्ध्या किलोला पाव चमचा खाण्याचा सोडा चोळून वीस मिनिटे ठेवावा आणि मग पाण्याने धुऊन टाकावा. सोड्याने मांसाचा पृष्ठभाग अल्कधर्मी होतो, आणि आच लागली तरी त्यातली प्रथिने एकमेकांना घट्ट आवळून बसत नाहीत. आपल्याकडे कच्ची पपई चोळतात तेही मऊपणासाठीच. तिथे पपईतले पेपेन प्रथिनांचे तुकडे करते. मांस कोरडे करून त्याला एक चमचा सोया सॉस, एक चमचा मक्याचे पीठ आणि चमचाभर तेल लावावे. पिठाचा पातळ लेप रस आत धरून ठेवतो.

भाज्या सगळ्या एका मापाच्या, पण वेगवेगळ्या ढिगांत. जिला शिजायला वेळ लागतो ती आधी : गाजर, मग फरसबी, मग ढोबळी मिरची, शेवटी पात.

धाकट्याने गॅस पेटवला आणि कढईवर हात धरून मान हलवली. “ताई, ही आच पुरायची नाही. तिकडंही नाही पुरत. चिनी खानावळीतली शेगडी जेट विमानासारखी आवाज करते.”

तेव्हा अण्णा ओसरीवरून म्हणाले, “मग बाहेर कर की. दगडं हायेत अजून.”

आईच्या मागे त्या चुलीत कुणी जाळ घातला नव्हता. धाकट्याने दगड झाडले, बाभळीची वाळलेली लाकडे रचली. पडवीतली लोखंडी कढई उतरवून घासली. लाकडाची ज्योत कढईच्या बुडाला वेढून कडांपर्यंत चढली, तसा त्याचा चेहरा खुलला. “हीच ती आच!” तो ओरडला. सारी विलायती शेगड्यांची दुकाने धुंडाळून त्याला जे मिळाले नव्हते, ते आईने अंगणाबाहेर घातलेल्या तीन दगडांत निघाले.

एक अडचण होती. संध्याकाळ झाली होती, उसाचा फड हाकेच्या अंतरावर, आणि मांसाचा वास. अण्णा हातात काठी आणि विजेरी घेऊन उसाकडे तोंड करून बसले. मधून मधून काठी पत्र्यावर आपटत. आमच्याकडे आता संध्याकाळी बाहेर बसणाऱ्याने हे करायचेच असते.

तेल धुरावले. पहिली अर्धी पट्टी-पट्टी मांस कढईत पसरून धाकटा अर्धा मिनिट स्वस्थ बसला. मी हलवायला हात पुढे केला तर त्याने अडवला. “आधी डाग पडू दे.” यामागे शास्त्र आहे. मांसाला खरपूस रंग आणि वास येतो तो साधारण एकशे चाळीस अंशांच्या पुढे. मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली त्या क्रियेचे वर्णन केले. कढईत एकदम सगळे मांस ओतले की त्याचे पाणी सुटते, आणि पाणी आहे तोवर उष्णता शंभर अंशांच्या वर जात नाही. मग ते परतले जात नाही, शिजते. म्हणून थोडे थोडे, दोन खेपांत. दीड मिनिटात एक खेप काढायची. मग आले-लसूण, लागोपाठ गाजर, फरसबी, मिरची. मांस पुन्हा कढईत, वरून दोन चमचे सोया सॉस, चिमूट साखर, पात, आणि कढई खाली. सात मिनिटे म्हणाला होता, आठ लागली. आठवे मिनिट माझ्या प्रश्नांचे.

ओसरीवर जेवायला बसलो. भात होताच, पण अण्णांनी भाकरी घेतली. भाजीचा कचकचीतपणा त्यांना प्रथम विचित्र वाटला, “कच्चंच हाय का रं हे?” त्यांनी विचारले. मग एक पट्टी खाल्ली, दुसरी खाल्ली. भाकरीचा दुसरा चतकोर मोडला.

“चांगलं झालंय,” ते म्हणाले. “तिकडं कशाचं करतोस? बोकड मिळतो?”

धाकट्याने माझ्याकडे पाहिले.

“चिकनचं करतो, अण्णा,” मी म्हटले. किती सहज म्हटले! चौकशीला उत्तर द्यावे तसे.

“नाही, ताई.” धाकट्याने हातातला घास ताटात ठेवला. “अण्णा, बैलाचं करतो. तिकडं तेच स्वस्त, तेच सगळीकडं मिळतं. पहिली दोन वर्षं नाही खाल्लं. मग खाल्लं. आईला सांगितलं नाही. तुम्हांला वरणभात सांगत आलो.”

उसात काही वाजले. अण्णांनी काठी उचलली नाही. बराच वेळ ते भाकरीकडे पाहत होते. मला वाटले, आता ते उठून जातील. आमच्या ओसरीच्या खुंटीवर अजून एक घुंगूरमाळ आहे. दावणीला बैल नाही, नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने होते, तरी पोळ्याला अण्णा ती माळ उतरवून पुसतात आणि तिला नैवेद्य दाखवतात. बैलगाड्यांच्या शर्यती २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केल्या तेव्हा हा माणूस दोन दिवस नीट जेवला नव्हता. २०२१ च्या डिसेंबरात त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा गुडघे दुखत असताना घाटावर जाऊन उन्हात उभा राहिला होता. अशा माणसाला मुलाने हे सांगितले होते.

अण्णांनी तांब्यातले पाणी प्यायले. मग म्हणाले, “सर्ज्या आठवतो का तुम्हांला?”

कसा आठवणार नाही? पांढरा खिल्लार, एका शिंगाला किंचित बाक. धाकटा त्याच्या पाठीवर बसून वाढला.

“सर्ज्याला बेल्ह्याच्या बाजारात दिला. सोमवार व्हता. दोन हजार एक साल.”

“पारनेरच्या शेतकऱ्याला दिलात ना?” मी म्हटले.

“तुमच्या आईला तसं सांगितलं.” अण्णा थांबले. “म्हातारा बैल. पाय ओढत व्हता. शेतीला कोण घेणार? एक जण आला, रुमालाखाली बोटं धरली, तीन हजार दोनशे म्हणला. मी व्हय म्हणलं. कुठं नेणार ते इचारलं न्हाई. इचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. म्हणून न्हाई इचारलं. माळ तेवढी काढून आणली.”

कुणी काही बोलले नाही.

“पोरीला पुण्याला धाडायची व्हती,” ते म्हणाले. ते माझ्याकडे पाहून म्हणाले नाहीत, उसाकडे पाहून म्हणाले. “फीचा वायदा जवळ आला व्हता.”

दोन हजार एक साली मी एम. ए. साठी पुण्याला गेले. फी भरल्याची ती पावती मी कित्येक वर्षे जपून ठेवली होती.

मला आईचे पोळ्याचे दिवस आठवले. दर पोळ्याला पुरणाची पोळी लाटता लाटता ती म्हणायची, “पारनेरवाल्यानं घातली असंल ना हो सर्ज्याला पोळी?” आणि अण्णा म्हणायचे, “घातली असंल.” पुढे बैल इतकी वर्षे जगत नाही हे तिला कळले असणार; शेतकऱ्याची बायको ती. तरी विचारत राहिली. काही वर्षांनी मात्र विचारायची थांबली. का थांबली, हे आता कुणाला विचारायचे?

“तू सांगितलंस तरी,” अण्णा धाकट्याला म्हणाले. “मला बापाला वीस वर्षं झाली न्हाई.” मग ताटाकडे हात करून म्हणाले, “जेव. गार होतंय. भाजीला मीठ कमी पडलंय.”

मीठ खरेच कमी होते. सोया सॉसच्या भरवशावर धाकट्याने वेगळे घातलेच नव्हते. मी आत जाऊन मिठाची वाटी आणली. आणि मग आम्ही तिघेही जेवलो. पहिल्यांदा मुकाट्याने, मग अण्णांनी बिबट्याने शेजारच्या वस्तीवरचे कुत्रे कसे नेले ते सांगायला घेतले.

वाचकांना यातून तात्पर्य काढून द्यावे, अशी सदरलेखिकेकडून अपेक्षा असते. मला काढता आलेले नाही. बैलावर अण्णांचे प्रेम खोटे होते असे मला म्हणता येत नाही. ज्याने त्याच्या खुरांत तेल घातले, त्याच्या डोळ्यावरच्या माशा पदराने हाकलल्या, त्याच घराने त्याला विकले. सर्ज्याला दिला तेव्हा ते कायद्याने गैर नव्हते. आज म्हाताऱ्या बैलाला बेल्ह्याला नेऊन तसा देता येत नाही, आणि दावणीला बांधून पोसणेही लहान शेतकऱ्याला परवडत नाही. धाकटा जिथे राहतो तिथे तो जे खातो ते कायदेशीर आहे. प्रत्येक जण आपल्या ठिकाणी बरोबर होता. तरीही प्रत्येकाने घरात काही ना काही झाकून ठेवले होते. आणि त्या झाकलेल्यांपैकी एक माझ्या नावापुढे दोन अक्षरांची पदवी होऊन बसले आहे. वर्गात ‘अन्नाचे राजकारण’ म्हणून फळ्यावर शीर्षक लिहिताना हल्ली माझा खडू जरा अडखळतो. ते बरेच आहे म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेली भाजी अण्णांनी शिळ्या भाकरीबरोबर मागून घेतली. शिळी अधिक चांगली लागते असा त्यांचा अभिप्राय पडला. चिनी लोकांना हे मान्य होणार नाही. धाकट्याने ती लोखंडी कढई घासून, तेलाचा हात फिरवून, पुन्हा पडवीत तिच्या खिळ्याला टांगली. जाताना विमानतळावरून त्याने मला विचारले, “ताई, आईला कळलं असतं तर?” मी म्हटले, “तिनं आपल्यापुरती मासवडी केली असती.” तो हसला, आणि मग त्याला बोलता येईना.

तो गेला. रविवार येतात. अण्णांचा प्रश्न तोच आहे, ‘काय जेवलास?’ उत्तरे मात्र आता निरनिराळी येतात. कधी बैलाचे असते, कधी कोंबडीचे, आणि कधी खरोखरच वरणभात असतो. तेव्हा अण्णांना तो खोटा वाटतो आणि ते पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतात. मिठाचे काय केलेस हेही विचारतात.

परवाच्या रविवारी बोलणे संपत आले तेव्हा अण्णा एकदम म्हणाले, “परत कधी येतोस?”

“कढई आहे ना जागेवर?” धाकट्याने तिकडून विचारले.

अण्णांनी भ्रमणध्वनी माझ्या हातात दिला, उठून पडवीत गेले, आणि पाहून आले.